रामटेके साहेबांची हेराल्ड

गाडी तपासायला घेतली की रामटेके साहेब सगळ्यांत आधी तिच्या ड्रायव्हरला चहा प्यायला पाठवत. ड्रायव्हर नको म्हणाला तरी पाठवत. एकदा एक जण म्हणाला, "साब, मैं चाय नहीं पीता." साहेब म्हणाले, "तो पान खाओ, लेकिन यहाँ खड़े मत रहो." तो फाटकाबाहेर गेल्याची खात्री झाली की मग ते खिशातून वीतभर लांबीची हातोडी काढत, तपासणीच्या खड्ड्यात उतरत आणि गाडीच्या पोटाखाली उभं राहून टकटक सुरू करत.

मी नवीन असताना मला हा त्यांचा चक्रमपणा वाटायचा. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मालक समोर असला ना, की हातोडी आपोआप चांगल्या जागी पडते. भीड वाटते. माणसाची भीड बाजूला काढल्याशिवाय लोखंडाशी बोलता येत नाही."

आमचं वर्कशॉप सरकारी होतं आणि आमचं काम सोपं होतं. सरकारच्या जुन्या गाड्या आमच्याकडे यायच्या. आम्ही त्या तपासून फॉर्मवर एक ओळ लिहायची: चालवण्यास योग्य, किंवा अयोग्य. अयोग्य ठरलेली गाडी कंडेम व्हायची आणि लिलावात जायची. मी मूळची कऱ्हाडची. मोठा अधिकारी व्हायचं म्हणून दिल्लीत आले, मुनिरक्यात एका खोलीत तिघींत राहिले, दोनदा परीक्षेत आपटले आणि घरी जायला तोंड नव्हतं म्हणून ही ज्युनिअर इंजिनिअरची नोकरी धरली. पहिल्या दिवशी साडी नेसून गेले. वर्कशॉपात बाई मी एकटीच. बाकीच्यांनी मला रजिस्टर लिहायला बसवलं, तेवढ्यात रामटेके साहेब आले आणि माझ्या हातात बॅटरी देऊन म्हणाले, "चल, खड्ड्यात उतर."

"साहेब, साडी आहे."

"दिसते आहे. आज खोच. उद्यापासून सलवार घाल."

एवढंच. बाई म्हणून सवलत नाही, बाई म्हणून शंका नाही. त्या माणसाला मी गुरू मानलं ते त्या दिवसापासून, आणि मी कुणाला सहजासहजी मानत नाही.

त्यांनी मला कान दिला. चांगलं लोखंड ठणकन वाजतं, कुजलेलं थप्प करतं, हे कुणीही सांगेल. साहेब त्याच्या पुढचं सांगायचे. "खालून ताजा काळा रंग दिसला की पहिला ठोका तिथे मार. माणूस आजारी जागेवरच पांघरूण घालतो." आणि दुसरं म्हणजे, 'दुरुस्तीनंतर योग्य' हे शब्द त्यांना अजिबात चालत नसत. फॉर्मवर तशी सोय होती, पण त्यांच्या सहीचा तसा एकही फॉर्म मी पाहिला नाही. "हे घाबरटाचं उत्तर आहे, मंगला. होकार द्यायची हिंमत नाही आणि नकार द्यायचीही नाही. गाडी मोडली तर मेकॅनिकच्या नावावर, चालली तर आपल्या."

ते दिवसही असे होते की होकार आणि नकार दोन्ही महाग पडत. रस्त्यावर नव्या चकचकीत छोट्या गाड्या आल्या होत्या, गुडगावात शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि आमच्या अधिकाऱ्यांना आपापल्या अँबॅसिडर अचानक जुन्या वाटू लागल्या होत्या. एका मोठ्या साहेबांची धडधाकट गाडी कंडेम व्हायला आली. वरून फोन आला, पुन्हा आला. रामटेके साहेबांनी दोन तास टकटक करून 'योग्य' लिहिलं आणि फोनवर शांतपणे सांगितलं, "सर, गाडी को कुछ नहीं हुआ है. आप बोर हो गए हैं. फॉर्म में उसका कॉलम नहीं है." त्यांची बढती तीन वर्षं अडली, यात मला तरी नवल वाटलं नाही.

अशा माणसाकडे स्वतःची गाडी होती ती हेराल्ड. साईच्या रंगाची, जुन्या घडणीची. बॉनेट उचललं की नाकापासून पुढच्या चाकांपर्यंत अख्खा चेहरामोहरा पुढे कलंडायचा आणि इंजिन उघडं पडायचं. साहेबांनी ती सत्तरच्या दशकात एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतली होती. फरीदाबादच्या घरासमोर, खिडकीखाली ती उभी असायची. त्या घरात साहेब, काकू, मुलगा मिलिंद आणि साहेबांची आई राहायची. सगळे तिला माय म्हणत, म्हणून मीही म्हणायची.

माय भंडाऱ्याकडची. आयुष्यभर बिड्या वळून तिने मुलाला इंजिनिअर केलं. गाडी घेतली त्याच वर्षी साहेब तिला घेऊन गावी गेले. ज्या गल्लीतून लहानपणी त्यांना चपला हातात घेऊन जावं लागे, त्या गल्लीतून मायने गाडी दोनदा फिरवायला लावली. एकदा लोकांनी बघावं म्हणून. दुसऱ्यांदा का, तर पहिल्यांदा तिने भीतीने डोळे मिटले होते. ही गोष्ट माय स्वतः हसत हसत सांगायची. तेव्हापासून दर दसऱ्याला फरीदाबादहून नागपूर, दीक्षाभूमी, हेराल्डने. आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, सिवनी. दोन दिवसांचा रस्ता, माय पुढच्या सीटवर पांढऱ्या लुगड्यात ताठ बसलेली. गाडीने एकदाही दगा दिला नाही, हे साहेब ज्या सुरात सांगत त्या सुरात त्यांनी माझं कौतुक कधी केलं नाही.

मिलिंदला गुडगावात परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि त्याने नवी पांढरी छोटी गाडी घेतली. साहेब त्या गाडीत बसले नाहीत. रागाने नाही, "अरे, मला कुठे जायचंय," असं म्हणून टाळायचे. त्या वर्षी दसऱ्याला पंधरा-वीस दिवस असताना घरात तंटा पेटला. माय चौऱ्याऐंशीची झाली होती, हे आपलं शेवटचं जाणं असं सगळ्यांना सांगत होती. मिलिंदचं म्हणणं, हेराल्ड गंजली आहे, दारं खालून झडली आहेत, आजीला त्यात बसवून हजार किलोमीटर न्यायचं नाही, ती विकून टाका. साहेबांचं म्हणणं, दारं म्हणजे गाडी नव्हे, चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, पक्की आहे, मी दर वर्षी स्वतः तपासतो. शेवटी बापलेकांनी पंच नेमला. पंच म्हणजे मी. साहेबांनीच माझं नाव सुचवलं, आणि मिलिंद म्हणाला, "ताई जे लिहून देतील ते मी मान्य करीन. बाबा, तुम्हीपण कराल?"

"बिल्कुल," साहेब म्हणाले.

फरीदाबादेतच गुरमीत नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं, त्याच्याकडे खड्डा होता. रविवारी सकाळी हेराल्ड त्यावर उभी केली. मी हातोडी काढली आणि सवयीने म्हटलं, "साहेब, तुम्ही चहा घेऊन या ना."

"आज नको," ते म्हणाले, आणि खड्ड्याच्या काठावर उभे राहिले.

तिथेच मी हातोडी खिशात घालायला हवी होती. त्यांनीच शिकवलेला नियम त्यांनाच सांगायची माझी हिंमत झाली नाही. खाली उतरले. पुढचा भाग ठणठणीत होता. मधला ठीक. मागे सरकले आणि बॅटरीचा प्रकाश पडला तिथे माझा हात थांबला. मागच्या चाकांचा सगळा भार जिथे येतो, तिथे हात-दीड हात लांबीपर्यंत काळा रंग होता. ताजा. बाकी सगळीकडे वीस वर्षांची धूळ आणि इथे नव्या बुटासारखी चकाकी.

"तिकडे झालं आहे बघून," वरून साहेबांचा आवाज आला. "दारांचं बघ."

मी मारली. हातोडी वाजलीच नाही, आत गेली. काढली तर तांबूस भुगा माझ्या तोंडावर पडला. कारण नंतर समजलं आणि तेही इतकं घरगुती: गाडी उभी राहायची त्या खिडकीत कूलर होता, आणि दर उन्हाळ्यात त्याचं पाणी नेमकं तिथे ठिबकायचं. वर्षानुवर्षं. साहेबांनी ते पाहिलं होतं, त्यावर डांबरी रंग लावला होता, आणि पुन्हा त्या जागेला हातोडी लावली नव्हती. दुसऱ्यांच्या गाडीखालचं असलं पांघरूण ज्यांनी आयुष्यभर उचकलं, त्यांनी.

वर आले तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर हुकूम नव्हता, विनंतीही नव्हती. तो चेहरा ओळखीचा होता. तपासणीच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरांचा असतो तसा. मिलिंदने कागद पुढे केला. साहेब हळूच म्हणाले, "वेल्डिंग होतं तिथे. गुरमीत पट्टी मारेल." आणि मी लिहिलं, 'दुरुस्तीनंतर योग्य'.

साहेबांना हे शब्द माझ्या हातचे दिसले तेव्हा त्यांना आनंद झाला. तो बघून मला जितकी लाज वाटली तितकी परीक्षेत दोनदा नापास होऊनही वाटली नव्हती.

गुरमीतने पट्टी मारली. मला विचाराल तर ते विरलेल्या कापडाला नवं ठिगळ होतं; टाका घालायला मुळात धड कापडच उरलं नव्हतं. आठवडा गेला. मी वर्कशॉपात इतरांच्या गाड्यांवर खेकसत होते. निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, साहेब माझ्या टेबलाशी आले. इतके खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं. म्हणाले, "माय विचारत होती, मंगलासाठी नागपूरहून काय आणू. मी म्हटलं संत्र्याची बर्फी आणू. चालेल ना?"

मी चालेल म्हटलं. ते गेल्यावर एक कोरा फॉर्म काढला, हेराल्डचा नंबर घातला, आणि या खेपेला एकच शब्द लिहिला.

शनिवारी सकाळी मुनिरक्याहून पहिली बस धरली, मध्ये बदलली, आणि साहेबांच्या गल्लीत पोचले तेव्हा सामान भरून झालं होतं. माय पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर पिशवी. काकू मागे. साहेब स्टिअरिंगवर. मिलिंद फाटकाशी हाताची घडी घालून उभा. माझा कागद मान्य करायचा शब्द दिला होता ना त्याने.

"अरे, तू कशाला आलीस इतक्या सकाळी?" साहेब म्हणाले.

मी फॉर्म खिडकीतून पुढे केला. त्यांनी घेतला नाही, पण वाचला.

"तू लिहिलं होतंस," ते म्हणाले, "दुरुस्तीनंतर योग्य. दुरुस्ती झाली."

"ते खोटं लिहिलं होतं, साहेब. तुम्ही समोर उभे होतात."

"बाजूला हो."

"तुम्ही स्वतः एकदा खाली जाऊन ठोका मारा. मग मी होते बाजूला."

त्यांनी इंजिन चालू केलं. मी गाडीच्या पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. समोरच्या घरातला एक जण दात घासत बाहेर आला आणि बघत राहिला. साहेबांनी हॉर्न दिला, मला, फूटभर अंतरावरून. मग ते ओरडले. आमच्याशी बोलताना ते नेहमी पुस्तकी मराठी नाहीतर हिंदी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. "हट म्हणतो ना तुले. माह्या मायले मी नेऊन राहिलो, तुले काय करायचं?"

मी हलले नाही. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही.

मग माय बोलली. "काय म्हणते रे पोरगी?"

"काही नाही, माय."

"काही नाही त मंग हटत काऊन नाही?"

इंजिन चालूच होतं. साहेबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. थोड्या वेळाने त्यांनी किल्ली फिरवून ते बंद केलं. समोर बघतच म्हणाले, "म्हणते, गाडीची कंबर कुजली. रस्त्यात मोडन म्हणते."

"खरं हाय का?"

आता फक्त ते दोघं होते. मायला लोखंडातलं काही कळत नव्हतं. जगात तिला याबाबत विचारायला एकच माणूस होता, आणि त्याचा धंदाच या प्रश्नाचं उत्तर देण्याचा होता. त्याने 'नाही' म्हटलं असतं तर ती गेली असती, आणि मला बाजूला व्हावं लागलं असतं.

"हो माय," साहेब म्हणाले.

"तुले कवा समजलं?"

"मागल्या वर्षी."

"अन् तरी मले बसवलं."

"हो."

मायने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, माणूस आपल्याच हाताकडे निरखून पाहतो तसं. मग तिने दाराची कडी चाचपली आणि म्हणाली, "उतरव मले." मिलिंद धावला. ती काठी टेकत उभी राहिली, हेराल्डवर एकदा हात फिरवला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे काठीने दाखवलं. "सामान त्या डब्बीत टाक."

मिलिंद खुशीत किल्ली काढून ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला. मायने काठी आडवी धरली. "तू मागं बस. चालवन तो."

साहेब हेराल्डमधून उतरले. त्या नव्या गाडीत बसताना त्यांचं डोकं छताला लागलं, गिअर सापडेना, मिलिंदने मागून दोनदा सांगितलं. माय पुढच्या सीटवर तशीच ताठ बसली. गाडी हिसके देत गल्लीच्या टोकाला वळली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्या फाटकाशी बसून रडले, आणि तो दात घासणारा शेजारी मला पाणी घेऊन आला.

नागपूरहून परतल्यावर साहेबांनी सगळ्या वर्कशॉपला संत्र्याची बर्फी वाटली. माझी शिपायाच्या हातून पाठवली. पुढचे कित्येक महिने कामापुरतं बोलणं. 'मंगला'चं 'मॅडम' झालं, आणि ते 'मॅडम' मला रोज टोचायचं. हेराल्डला दुसरी चेसी मिळते का, ती नव्याने उभी करावी का, असं गुरमीतने दोनदा विचारलं. साहेबांनी दोन्ही वेळा विषय बदलला. दिवाळीनंतर एका रविवारी भंगारवाल्याचा टेंपो आला तेव्हा साहेब बाजारात गेले होते, असं काकूंनी मला सांगितलं. माय त्यानंतर आणखी दोन दसरे त्या डब्बीतून जाऊन आली. ते जाणं काही शेवटचं ठरलं नाही. दोन्ही वेळा गाडी साहेबांनीच चालवली. मग माय गेली. तिच्या वेळी मी गेले होते, साहेबांनी मला जवळ बसवून घेतलं, पण त्या सकाळबद्दल आम्ही बोललो नाही. तेव्हाही नाही आणि ते निवृत्त झाले तेव्हाही नाही. निवृत्तीनंतर ते भंडाऱ्याला परतले, आणि चार वर्षांनी तिथेच तेही गेले. मला बातमी पोचली तोवर सगळं उरकलं होतं.

सरकारी नोकरीत वरिष्ठ आपल्याबद्दल दर वर्षी एक गोपनीय अहवाल लिहितो. आपल्याला तो दाखवत नाहीत, निदान तेव्हा दाखवत नसत. पुढे नियम सैल झाले आणि बढतीच्या कामात एकदा माझी जुनी फाइल माझ्या हातात आली. मी मुद्दाम ते वर्ष काढलं. त्या फॉर्मवर सचोटीचा एक रकाना असतो आणि त्यात सगळेजण डोळे झाकून 'संशयातीत' एवढंच लिहितात. साहेबांनी त्या अरुंद रकान्यात बारीक अक्षरांत तीन ओळी बसवल्या होत्या: "एकदा माझ्या भिडेखातर खोटा अहवाल दिला. कोणी न सांगता स्वतः येऊन मागे घेतला. माझ्या आईच्या बाबतीतसुद्धा मला हे जमलं नव्हतं."

समासात कुणा वरच्या अधिकाऱ्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. माझे डोळे भरून आलेले पाहून समोरचा बाबू घाबरला. म्हणाला, "मॅडम, एंट्री में कुछ गड़बड़ है क्या? ठीक करवा दें?"

मी म्हटलं, "नहीं, रहने दीजिए. सही लिखा है."